लेक सिमको, बारा महिने: आधी किनारा निवडा, मग कॉटेज

टोरांटोच्या आसपासची मराठी कुटुंबं कॉटेज शोधायला बसली की आधी खोल्या मोजतात, मग फोटो पाहतात, मग हॉट टब आहे का ते बघतात. घर तलावाच्या कुठल्या बाजूला आहे, समोरचं पाणी किती खोल आहे, वारा कुठून येतो, हे तिथं पोचल्यावर कळतं. टोरांटोच्या उत्तरेला असलेल्या, ओंटारियो प्रांतातल्या लेक सिमकोच्या बाबतीत हा क्रम उलटा करा. या सरोवराचा प्रत्येक किनारा वेगळ्या स्वभावाचा आहे. जुलैत लहान मुलांना घेऊन जिथं सुखानं राहाल, तिथंच फेब्रुवारीत फसाल, आणि याच्या उलटही होईल.

सिमकोचा पसारा सुमारे ७२२ चौरस किलोमीटर आहे. मुख्य सरोवराला दोन मोठे फाटे फुटलेले आहेत. पश्चिमेला बॅरी शहरापर्यंत घुसलेला केम्पेनफेल्ट बे हा सर्वांत खोल, साधारण ४१ मीटर. दक्षिणेला हॉलंड नदीच्या मुखाकडे गेलेला कुक्स बे अगदी उथळ. उत्तरेला अ‍ॅथर्लीच्या चिंचोळ्या वाटेनं, जिला सगळे ‘नॅरोज’ म्हणतात, सिमकोचं पाणी लेक कूचिचिंगमध्ये जातं आणि तिथून पुढं जॉर्जियन बेकडे, म्हणजे लेक ह्युरॉनच्या मोठ्या उपसागराकडे. उथळ, खोल आणि वाहतं हे तीन शब्द लक्षात ठेवा. पोहणं, मासे, शेवाळ, बर्फ, सगळं यांवरच ठरतं.

किनारा कसा निवडायचा

इथं वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. त्यामुळं पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे इनिसफिलच्या बाजूला, पाणी बऱ्याचदा शांत असतं, आणि पूर्वेला बीव्हरटनकडे तेच वारं संपूर्ण सरोवर ओलांडून लाटा घेऊन येतं. कायाक शिकायचं असेल तर पश्चिम बरी. पण याच शांततेत एक धोका आहे. किनाऱ्याकडून आत वाहणारा वारा हवेची गादी, फुगवलेलं बदक, पॅडलबोर्ड, सगळं हळूहळू खोल पाण्याकडे नेतो, आणि पाणी सपाट दिसत असल्यामुळं कुणाचं लक्षही जात नाही. मुलं फुगवलेल्या खेळण्यावर बसणार असतील तर त्याला दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक मोठ्या माणसाच्या हातात ठेवा.

सूर्यास्त पाण्यावर बघायचा असेल तर पूर्व किनारा घ्या. इनिसफिलला पाण्यावर सूर्योदय मिळतो, आणि पहाटे उठून चहा घेऊन धक्क्यावर बसणाऱ्या आजी-आजोबांना तोच जास्त आवडतो.

दक्षिण किनारा म्हणजे जॉर्जिना: केझिक, जॅक्सन्स पॉइंट, सटन. टोरांटोहून सर्वांत जवळची बाजू हीच. हायवे ४०४ केझिकजवळ संपतो आणि तिथून दहा-पंधरा मिनिटांत पाणी दिसतं. इथली कॉटेज वस्ती जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोरांटोहून इथपर्यंत विजेवरची रेल्वे येत असे. शहरातली माणसं उन्हाळ्यात पेट्या-बिछाने घेऊन उतरत आणि तेव्हा पडलेल्या छोट्या छोट्या प्लॉटांवर आजही घराला घर लागून आहे. एकांत हवा असेल तर ही जागा नाही. वाळूचा, हळूहळू खोल होत जाणारा किनारा आणि हाकेच्या अंतरावर दुकान हवं असेल तर हीच जागा. सिबाल्ड पॉइंट प्रोव्हिन्शियल पार्कही इथंच आहे. कॉटेजचं भाडं झेपत नसेल तर तिथं तंबू ठोका. कॅम्पिंगची जागा पाच महिने आधी राखता येते, दिवसभराचा गाडीचा परवाना पाच दिवस आधी. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी परवाना न राखता गेलात तर फाटकावरूनच परत यायची वेळ येऊ शकते.

कुक्स बे मासे धरणाऱ्यांचा. उथळ असल्यामुळं उन्हाळ्यात लवकर कोमट होतो, पण पाणवनस्पतीही तिथंच जास्त वाढतात. पोहताना पायाला गवत लागलेलं मुलांना आवडत नाही, हे ध्यानात घेऊन ठरवा. केम्पेनफेल्ट बेचं पाणी स्वच्छ दिसतं, पण खोलीमुळं जूनअखेरपर्यंत अंगावर काटा आणतं. बॅरीचा मोठा गुण म्हणजे गाडी नसली तरी जाता येतं. टोरांटोहून येणाऱ्या गो ट्रेन या लोकल गाडीचं शेवटचं स्थानक, अ‍ॅलनडेल वॉटरफ्रंट, पाण्याच्या काठावरच आहे आणि सेंटेनियल बीच तिथून चालत गाठता येतो. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांनी आणि गाडी न चालवणाऱ्या पाहुण्यांनी सिमकोची पहिली ओळख अशीच करून घ्यावी.

उत्तरेला ओरिलिया. तिथं सिमको आणि कूचिचिंग अशी दोन्ही पाणी मिळतात, आणि ट्युडहोप पार्कमध्ये उन्हाळ्यात मारिपोसा लोकसंगीत महोत्सव भरतो. हा महोत्सव १९६१ साली याच गावात सुरू झाला. नॅरोजपाशी पाण्याखाली मासे अडवण्यासाठी रोवलेल्या लाकडी खुंटांचे अवशेष आहेत, साडेचार हजार वर्षांहून जुने. ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि जवळच राहणारा रामा फर्स्ट नेशन हा मूळनिवासी समाज त्याची राखण करतो. आपण ज्याला सुट्टीचं तळं म्हणतो ते कुणाचं तरी गाव किती काळापासून आहे, हे मुलांना तिथं उभं करून सांगा. दक्षिणेकडचं जॉर्जिना आयलंडही असंच. फेरी जाते म्हणून ते पर्यटन बेट होत नाही. तिथं चिपेवा या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे, आणि बोट घेऊन वाटेल तिथं उतरणं म्हणजे कुणाच्या अंगणात न विचारता शिरणं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न बीचचा. जाहिरातीत ‘बीचपासून दोन मिनिटं’ लिहिलेलं असतं, पण तो बीच कुणाचा? जॉर्जिना आणि इनिसफिलमध्ये अनेक छोटे बीच तिथल्या रहिवाशांच्या संघाच्या मालकीचे आहेत. किल्ली किंवा पास असलेल्यालाच प्रवेश. घरमालकाचा हक्क भाडेकरूला मिळतो का, किती जणांना मिळतो, हे लेखी घ्या. सार्वजनिक बीच असेल तर बाहेरगावच्या गाडीला पार्किंग किती पडतं आणि ते आधी राखावं लागतं का, ते नगरपालिकेच्या साइटवर पाहा. बऱ्याच ठिकाणी हे शुल्क स्थानिकांच्या तुलनेत खूपच जास्त आहे.

दुसरा प्रश्न सेप्टिकचा, आणि आपल्या लोकांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा. काठावरच्या अनेक घरांना गटारजोडणी नसते. अंगणात पुरलेली टाकी आणि तिच्यापुढची जमीन हीच सगळी व्यवस्था, आणि तिची क्षमता मुख्यतः बेडरूमच्या संख्येवर बेतलेली असते. तीन बेडरूमच्या घरात आपण चार कुटुंबं मिळून जातो. सतरा-अठरा माणसं, लागोपाठ आंघोळी, पुऱ्या तळलेलं तेल, डाळ-तांदळाचं पाणी. शनिवारी संध्याकाळी टॉयलेट तुंबतं आणि रविवारची सकाळ वाया जाते. घरात जास्तीत जास्त किती माणसं चालतील तो आकडा विचारा आणि पाळा. तळणीचं तेल गार करून बाटलीत भरून परत आणा, सिंकमध्ये एक थेंबही नको. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी टॉयलेटमध्ये टाकू नका. भरलेल्या टाकीतून झिरपलेलं शेवटी सरोवरातच जातं. म्हणूनच सिमकोच्या काठापासून १०० मीटरच्या आतल्या सेप्टिकची ठरावीक काळानं सक्तीची तपासणी होते.

पिण्याचं पाणी नगरपालिकेचं आहे, विहिरीचं की थेट तळ्यातून ओढलेलं? शेवटच्या दोन प्रकारांत शुद्धीकरणाची सोय विचारा. समाधान झालं नाही तर पिण्याचं पाणी घरून न्या.

हिवाळ्यात जाणार असाल तर एवढं विचाराच: घर खरोखर चारही ऋतूंचं आहे का? पाण्याचा पाइप गोठू नये म्हणून तापवला जातो का? खासगी रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं? पुष्कळ जुनी कॉटेजं तीन ऋतूंचीच असतात आणि ऑक्टोबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सुमारास त्यांचं पाणी बंद करतात. शिवाय धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म चालतात का, ते पोचल्याबरोबर बटण दाबून पाहा. मिरचीच्या फोडणीनं धुराचा अलार्म वाजला तर खिडकी उघडा, बॅटरी काढू नका.

भाड्याच्या घरांसाठी अनेक नगरपालिकांनी परवाना सक्तीचा केला आहे. परवाना क्रमांक मागा. तो नसलेलं घर ऐनवेळी रद्द होऊ शकतं. आणि आवाज. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. रात्री अकरानंतरच्या अंताक्षरीतलं कडवं पलीकडच्या काठावर ऐकू येतं. तिथं बाराही महिने राहणारी, सकाळी कामाला जाणारी माणसं आहेत. गाणी घरात घ्या.

उन्हाळा: पाण्यात उतरताना

पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस पोहणं टाळा. शेतं, रस्ते आणि गटारं धुऊन आलेलं सगळं तेव्हा किनाऱ्यालगतच असतं. सार्वजनिक बीचच्या पाण्याची उन्हाळ्यात तपासणी होते आणि निकाल आरोग्य विभागाच्या साइटवर दिसतात. नमुन्यांची सरासरी १०० मिलिलिटरमागे २०० ई. कोलाय जंतूंच्या वर गेली की पोहू नका अशी सूचना लागते. पाण्यावर हिरवा-निळा, रंग सांडल्यासारखा थर दिसला तर मुलं आणि कुत्री दोघांनाही लांब ठेवा. पोहून आल्यावर टॉवेलनं लगेच खसखसून अंग पुसा. पाणपक्ष्यांमधल्या एका सूक्ष्म परजीवीमुळं अंगाला खाज सुटते, ती यानं बऱ्याच अंशी टळते.

बोट भाड्यानं घेणार असाल तर इंजिन कितीही लहान असो, चालवणाऱ्याकडे ऑपरेटर कार्ड, म्हणजे बोट चालवता येत असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. भाड्याच्या बोटीपुरतं दुकानदार सुरक्षेची यादी समजावून, सही घेऊन काम चालवू शकतो. ती यादी ऐकून घ्या, नुसती सही करून मोकळे होऊ नका. बोटीत जितकी माणसं तितकी, अंगाला बसणारी लाइफजॅकेट हवीतच. कायद्यानं ती बोटीत असली तरी पुरतं, मी म्हणेन की मोठ्यांनीही अंगात घालावीत. आपल्यापैकी पुष्कळांना पोहता येत नाही, साडी किंवा सलवार भिजली की हालचाल आणखी अवघड होते, आणि मे-जूनमधलं थंड पाणी पहिल्याच मिनिटात श्वास कोंडतं. किनाऱ्यापासून ३० मीटरच्या आत वेग ताशी १० किलोमीटरच्या वर नेऊ नका.

सिमको हा ट्रेंट-सेव्हर्न जलमार्गाचा भाग आहे. ओंटारियो सरोवरावरच्या ट्रेंटनपासून जॉर्जियन बेपर्यंत ३८६ किलोमीटर, मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खुला. स्वतःची बोट नसली तरी पूर्वेला कर्कफील्डचा लिफ्ट लॉक बघायला जरूर जा. पाण्यानं भरलेल्या हौदातच बोट तरंगत ठेवून अख्खा हौद वर उचलतात. मुलं तिथून हलत नाहीत.

स्वतःचा कायाक किंवा बोट दुसऱ्या तळ्यातून आणत असाल तर निघण्याआधी त्या तळ्याच्या काठावरच बोटीला अडकलेलं गवत काढा, बूच उघडून पाणी रिकामं करा. २०२२पासून ओंटारियोत हे कायद्यानं बंधनकारक आहे. झेब्रा मसल या बारीक शिंपल्या इथं अशाच आल्या, आणि आता खडकांवर अनवाणी चालताना पाय कापतात. पाण्यातले बूट न्या.

सप्टेंबरमध्ये कॉटेजवर गणपती असेल तर विसर्जन घरी, बादलीत, शाडूच्या मूर्तीचं करा. सिमकोचं मूळ दुखणं फॉस्फरस आहे. शेती, वस्ती आणि वाऱ्यावरून येणारी धूळ यांतून तो येतो, त्यावर शेवाळ माजतं, ते कुजताना तळाच्या थंड पाण्यातला प्राणवायू संपतो आणि लेक ट्राउट हा मासा गुदमरतो. यासाठी २००८ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. निर्माल्य, फुलं आणि रंग यांची त्यात भर नको. काठावरच्या कित्येक गावांच्या नळाला हेच पाणी येतं.

मासे आणि लायसन्स

ओंटारियोत १८ ते ६४ वयाच्या रहिवाशाला मासेमारीचं लायसन्स लागतं. ६५ पूर्ण झालेल्या कॅनेडियन रहिवाशाला सूट आहे, ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. इथंच आपल्या घरांत गोंधळ होतो. पुण्याहून, नागपूरहून भेटायला आलेले आई-बाबा सत्तरीचे असले तरी ते रहिवासी नाहीत. त्यांना अनिवासी लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते एका दिवसाचंही मिळतं. वर्षातले काही दिवस, फेब्रुवारीतला फॅमिली डेचा, तसंच मदर्स डे आणि फादर्स डेचा शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यातला एक आठवडा, विनालायसन्स असतात. तीही सवलत फक्त कॅनडातल्या रहिवाशांना, आणि तेव्हा मासे किती ठेवायचे त्याची मर्यादाही कमी असते.

पहिल्यांदाच जाणाऱ्यानं यलो पर्चच्या मागं लागावं. थव्यानं येतो, मुलांनाही लागतो, आणि चवीला गोड. तिखट-मीठ-हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतला की मुंबईकर पाहुणाही खूश होतो. मोठ्या ट्राउटमध्ये पारा साठत जातो. गरोदर बायका आणि मुलांनी कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, ते प्रांत सरकारच्या मार्गदर्शिकेत तळ्यानुसार आणि माशाच्या लांबीनुसार दिलेलं आहे. आमिष जवळच्याच दुकानातून घ्या, पावती ठेवा, आणि उरलेलं पाण्यात ओतू नका.

हिवाळा: बर्फावर पाय ठेवण्याआधी

सिमकोचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारी, असं इथले लोक म्हणतात. गोठलेल्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या लाकडी खोल्या, आत शेकोटी, जमिनीला भोक आणि भोकातून मासा. नव्या माणसाला विश्वास बसत नाही. पण हा भाग शांतपणे वाचा.

उथळ कुक्स बे आधी गोठतो, मुख्य सरोवर साधारण जानेवारीत, खोल पाणी उशिरा. म्हणजे एकाच दिवशी एका बाजूला लोक चालत असतात आणि दुसऱ्या बाजूला उघडं पाणी असतं. एकट्यानं चालण्यासाठी किमान १५ सेंटिमीटर, अनेकांनी मिळून स्केटिंग करण्यासाठी २०, स्नोमोबाइलसाठी २५ हे रेडक्रॉसचे आकडे आहेत, आणि ते निळसर पारदर्शक बर्फाचे. बर्फ पांढरा, बुडबुड्यांचा असेल तर ताकद निम्मी धरा. करडा बर्फ म्हणजे आत पाणी आहे, त्यावर जायचंच नाही. नॅरोज, नद्यांची मुखं आणि धक्क्यांच्या आसपासची जागा, जिथं बोटी वाचवायला पाण्यात हवा सोडतात, तिथला बर्फ कधीच भरवशाचा नसतो. वर बर्फ भुरभुरून पडला की तो दुलईसारखा उबच देतो, खालचा थर जाड व्हायचा थांबतो, आणि डोळ्यांना मात्र सगळं पांढरं आणि पक्कं दिसतं.

म्हणून पहिल्या वर्षी स्वतःच्या अंदाजावर जाऊ नका. जॉर्जिना आणि इनिसफिलच्या बाजूला आइस हट, म्हणजे बर्फावरच्या त्या लाकडी खोल्या, भाड्यानं देणारे जाणकार लोक आहेत. ते रोज भोक पाडून जाडी मोजतात, साखळीच्या पट्ट्यांच्या वाहनातून नेतात, आत हीटर आणि आमिष देतात, वारा फिरला तर परत आणतात. फोनवर त्यांना थेट विचारा: आज सकाळी जाडी किती मोजली, आणि कुठं? नेमकं उत्तर न देणाऱ्याकडे जाऊ नका. हटमध्ये हवेची भोकं बुजवू नका, हीटरच्या धुरानं झोप येते आणि ती झोप जीवघेणी असते.

मार्च महिना वाईट. दिवसा वितळतं, वारा सुटतो, आणि बर्फाचा अखंड पट्टा किनाऱ्यापासून सुटून माणसांसकट आत सरकतो. अशा सुटका मोहिमा इथं अनेकदा झाल्या आहेत. गळ्यात बर्फात रुतवायचे दोन टोकदार खिळे अडकवा, शिट्टी आणि जलरोधक पिशवीत फोन ठेवा. कुणी आत पडलंच तर ज्या दिशेनं आलात त्याच दिशेला वळायचं, तिथला बर्फ तोवर तुमचं वजन पेलत होता. खिळे रोवून, पाय मारत, पोटावर सरकत बाहेर या, लगेच उभं राहू नका, लोळत लांब जा. मदत करणाऱ्यानं काठावरूनच दोरी किंवा फांदी फेकावी आणि ९११ फिरवावा.

बर्फावर जायचं धाडस नसेल तरी हिवाळा फुकट जात नाही. बॅरीजवळ स्नो व्हॅलीला ट्यूबिंग, म्हणजे फुगवलेल्या ट्यूबवर बसून उतारावरून घसरणं, आहे, ओरो-मेडॉन्टच्या टेकड्यांत हॉर्सशूला स्कीइंग, आणि फेब्रुवारीत बॅरीच्या काठावर विंटरफेस्ट. जॉर्जियन बेवरून येणारं वारं बॅरीकडे अचानक दाट हिमवर्षाव करतं. टोरांटोत ऊन असलं तरी हायवे ४०० वर पुढचं दिसेनासं होऊ शकतं. हिवाळी टायर, ब्लँकेट, आणि डब्यात थोडे लाडू-चिवडा गाडीत असू द्या.

मधले महिने

एप्रिलमध्ये बर्फ फुटतो, रस्ते चिखलाचे असतात, त्या महिन्यात जाऊ नका. मेमध्ये चिलटांसारख्या माश्यांचे थवे काठावर उठतात. त्या चावत नाहीत, पण दिवा दिसला की भिंत काळी करतात. सप्टेंबर मात्र सुंदर. पाणी अजून कोमट, गर्दी ओसरलेली, भाडं उतरलेलं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मेपल रंगतात, पण थँक्सगिव्हिंगचा आठवडा वगळून आधल्या आठवड्यातलं बुधवार-गुरुवार धरा.

घर घ्यायचं मनात असेल तर

आधी त्याच किनाऱ्यावर एकदा जूनमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत भाड्यानं राहा. मग वकिलाला चार गोष्टी तपासायला सांगा: पाण्यापर्यंतची जमीन खरंच विक्रेत्याची आहे का, की मध्ये जुनी सार्वजनिक पट्टी आहे, बीच संघाचा हक्क खरेदीखतात लिहिलेला आहे का, सेप्टिकच्या तपासणीचा शेवटचा अहवाल, आणि धक्का किंवा किनाऱ्याची भिंत बांधली तेव्हा या पाणलोटाची देखरेख करणाऱ्या लेक सिमको रीजन कन्झर्व्हेशन अथॉरिटीची परवानगी घेतली होती का. परवानगी नसलेली भिंत पाडायची नोटीस नव्या मालकाच्या नावानं येऊ शकते. विमा कंपनीलाही आधीच विचारा की हिवाळ्यात घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं. मध्ये कुणी येऊन पाइप आणि हीटर बघून जाणं काही कंपन्या सक्तीचं करतात, आणि त्यासाठी शेजारी विश्वासाचा लागतो. तो भाड्यानं राहतानाच शोधून ठेवा.